ळ चष्म्याचा

अक्षर या विषयात आपल्याला कोणी काही शिकवू नये, असे माझे जुने मत आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरी झाली. टी-स्क्वेअर आणि थ्री-एच पेन्सिलीच्या संगतीत हात इतका सरळ झाला की, माझी किराण्याची यादीसुद्धा वाण्याला मंजुरीसाठी आलेल्या नकाशासारखी वाटते, असे आमच्या सौ. म्हणतात. निवृत्तीनंतर दुर्गच्या बोरसीत घर बांधले. नातू केजी वनमध्ये गेला तेव्हा अक्षरओळखीचे खाते घरच्यांनी एकमताने माझ्याकडे सोपवले. एकमताने म्हणजे, बाकी कोणालाच वेळ नव्हता.

खाते मी घेतले ते अनुभवाच्या जोरावर. हा कारखाना सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. मी लागलो त्या काळातही कपाटांत रशियन नकाशांच्या गुंडाळ्या होत्या. त्यांवरची अक्षरे इंग्रजीचा वेष घालून बसलेली. दिसायला पी, वाचायचा र. एच म्हणजे न, सी म्हणजे स. एक तर चक्क उलटा आर होता, त्याला ‘या’ म्हणायचे. अक्षराचा चेहरा आणि त्याचा आवाज यांचे काही नाते नसते, चार लोकांनी मिळून ठरवले म्हणून ते चालते, हे मला मिशी फुटल्यावर कळले. नातवाला पहिल्याच आठवड्यात कळले. तक्त्यातल्या कबुतराच्या ‘क’वर बोट ठेवून तो म्हणाला, “आबा, याला चोच कुठे आहे?”

शाळेची पद्धत शिस्तीची. आधी स्टँडिंग लाइन, मग स्लीपिंग लाइन, मग स्लँटिंग. स्लीपिंग लाइन पानभर काढायला दिली तेव्हा आमच्या नातूसाहेबांनी एकच लाइन काढली आणि तिच्याशेजारी स्वतः आडवे झाले. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली आठ हाडे अजून पुरती तयारही झालेली नसतात. निम्मी तर कूर्चाच असतात. पण गृहपाठ देणाऱ्यांना क्ष-किरण कोण दाखवणार? राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० साली ‘या वयाला खेळातून शिकवा’ असे सांगून ठेवले आहे. त्या धोरणाची प्रत बोरसीला निघाली असावी आणि वाटेत फाटकाला अडकली असावी.

धोरण कशाला, ताराबाई मोडकांनी आणि गिजुभाई बधेकांनी हे शंभर वर्षांमागे भावनगरात करून दाखवले होते. त्यांनी धरलेल्या माँटेसरीबाईंच्या पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरे असतात. मुलाने त्यांवरून बोट फिरवायचे, पेन्सिल नंतर. ताराबाईंनी पुढे बोर्डीला आणि कोसबाडला महागडी साधने बाजूला ठेवून आसपास मिळेल त्यावर भागवले. मी म्हटले, आपणही भागवू. कारखान्याच्या सवयीने घरात पॉलिश पेपर पडलेला होताच. त्यातून ‘ग’ कापला. नातवाने त्यावरून दोनदा बोट फिरवले आणि तिसऱ्यांदा त्याने डायनिंग टेबल घासले. पुढचे काही दिवस अक्षरओळखीपेक्षा टेबलाच्या पॉलिशवर घरात जास्त चर्चा झाली.

शेवटी आजोळची रीत धरली: गमभन. कखगघङ ही रांग ज्यांनी लावली ते फार थोर लोक. कंठातून निघून ओठांपर्यंत आवाज कसे ओळीने येतात, त्याचा नकाशाच तो. पण चार वर्षांच्या पोराला कंठ्य-तालव्य कशाला हवे? त्याला हवे असते वळण. ग जमला की म, म जमला की भ, मग न. र आला की स दारात उभाच. व-ब-क हे तर एकाच घरातले भाऊ. फक्त शिरोरेषा सुरू केली की ती थांबत नसे. वहीतून निघून ती टेबलावरून सोफ्याच्या हातापर्यंत जाई.

त्यात घरात तक्ते दोन. शाळेचा हिंदी, ‘ग’ गमल्याचा. मी नागपूरहून आणलेला मराठी, ‘ग’ गणपतीचा. दुर्ग जिल्ह्याची राजधानी १९५६ पर्यंत नागपूरच होती, तेव्हा ही आयात परंपरेला धरूनच झाली. नातवाला दोन ‘ग’ची अडचण वाटली नाही. त्याने गणपतीला गमल्यात बसवला. अडचण झाली ती ‘ळ’ची. आम्ही काळे. शाळेच्या रजिस्टरात काले.

“मिस बोलली की असं अक्षर नाहीच राहत,” तो म्हणाला.

इथल्या मराठी घरांना हे नवे नाही. माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढला तो हिंदीतच, पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले तेही त्यांनीच. एवढ्या प्रवासात किती ‘ळ’ उतरवून ठेवावे लागले असतील कोण जाणे. माझ्या नातवाने मात्र उलटा हिशेब केला. जे अक्षर मिसला येत नाही, त्यात मिस चूक काढू शकत नाही. त्या दिवसापासून त्याने ‘ळ’ला वाहून घेतले. पाटीवर ळ, भिंतीवर ळ, पोळीवर बोटाने ळ. ज्या पोराला पेन्सिल धरायला लावताना मी थकलो होतो, तो दोन गोल आणि मधला पीळ एका दमात काढू लागला.

आपल्याकडे धुळाक्षरे गिरवायची जुनी चाल आहे. बोरसीच्या उन्हाळ्यात त्यासाठी धूळपाटी लागत नाही, शेजाऱ्यांची गाडी पुरते. साहूजींच्या पांढऱ्या गाडीच्या बोनेटवर एका सकाळी ओळीने ळ उमटले. साहूजी सज्जन. रागावले नाहीत, पण बराच वेळ मान वाकडी करून पाहत राहिले.

“काले जी, ये बच्चा चश्मा बहुत अच्छा बनाता है.”

मी अक्षराचे नाव सांगितले. साहूजींनी प्रयत्न केला. ‘ल’ आला, ‘ड़’ आला, मधले काही येईना. त्यांची नात मात्र फाटकावर लोंबकळत होती, तिने पहिल्या झटक्यात म्हटला आणि आजोबांकडे कीव केल्यासारखे पाहिले. तेव्हापासून संध्याकाळी आमच्या ओट्यावर ‘चश्मेवाला अक्षर’ शिकायला गल्लीतली पोरे जमतात. शाळेच्या तक्त्यात बसत नाही म्हणून त्यांना तेच हवे असते. बाकीचे वर्ण मी त्याच्यामागून गुपचूप खपवतो.

परवा ‘ठ’ची पाळी आली. हिंदी तक्त्यात ‘ठ’ ठठेऱ्याचा. भांडी ठोकणारा तो कारागीर यांच्यापैकी एकानेही पाहिलेला नाही. एकाने त्याला प्लंबर ठरवले. तेवढ्यात साहूजींच्या नातीने घरून ठेठरी आणली, बेसनाची, तळलेली, वेटोळी घातलेली. मी तक्त्यावरचा ठठेरा खोडून ठेठरी लिहिली. पोरांनी प्रत्येकी एक ठेठरी बोटांत धरली, तिच्या वळणावरून हवेत ठ गिरवला आणि खाऊन टाकली. ‘ढ’साठी दुसरी मागितली.