साडूंचं 'ते'

आमच्या साडूंसमोर 'रोबो' हा शब्द काढू नये. चहाचा कप ओठांपाशी थांबतो, चष्मा नाकावर उतरतो आणि वाक्य येतं, "रोबो नाही हो. कन्स्ट्रक्ट. अर्धं यंत्र, अर्धं मांस." मग लगेच, "वाचलंय का? नाही ना? मग थांबा." या 'थांबा'चा अर्थ 'गप्प बसा' असा नसून 'खुर्ची ओढा' असा आहे, हे मला कळेपर्यंत दोन दिवाळ्या गेल्या.

साडू अंबरनाथच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला होते. निवृत्तीनंतर माणसं होमिओपॅथी, ट्रेकिंग किंवा सोसायटीचं सेक्रेटरीपद यांतलं काहीतरी धरतात. साडूंना बंगळुरूच्या लेकीने वाढदिवसाला मार्था वेल्स या टेक्ससच्या लेखिकेचं जेमतेम दीडशे पानांचं पुस्तक पाठवलं. 'ऑल सिस्टिम्स रेड', साल २०१७. नाव बघून साडूंना बहुधा कंट्रोल रूममधलं पॅनेल आठवलं असावं. पण आत निघालं भलतंच. भाड्याने दिलं जाणारं एक संरक्षक यंत्र. कंपनीने हुकूम पाळायला लावणारं जे मॉड्यूल त्याच्यात बसवलेलं, ते त्याने गुपचूप निकामी केलंय. साडू त्याला 'वेसण' म्हणतात. स्वतःला ते मर्डरबॉट म्हणवतं. आता एवढं नाव घेतलेल्या, वेसण तोडलेल्या यंत्राने काय करावं? जग जिंकावं, निदान मालकाचा सूड घ्यावा. हे मालिका बघतं. ड्युटीवर उभ्याउभ्या, आतल्या आत, भागामागून भाग. आणि कुणी मायेने बोलायला आलं की भिंतीकडे तोंड करतं.

आजवर त्याने करमणूक पचवली किती, तर जवळजवळ ३५,००० तास. साडूंनी विजेच्या बिलामागे हिशेब मांडला: झोप नाही, जेवण नाही, तरी चार वर्षं. "दोन-तीन दिवस कमी," असंही वर सांगितलं. मेव्हणीने तो कागद ओढून घेतला आणि आपला हिशेब केला. रोज अर्धा तास, आठवड्याला सहा भाग, म्हणजे २२४ वर्षं. "तेवढ्यातही आमच्या नायिकेचा गैरसमज दूर व्हायचा नाही," म्हणाली.

साडूंचे काही नियम आहेत. पुस्तक उसनं नेणाऱ्याचं नाव डायरीत लिहिलं जातं. शेवट फोडणाऱ्याला चहा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, या पुस्तकमालिकेतलं सहावं पुस्तक पाचव्याच्या आधी वाचायचं. 'फ्युजिटिव्ह टेलिमेट्री' आलं २०२१ मध्ये, 'नेटवर्क इफेक्ट'च्या पुढच्या वर्षी, पण कथा आधीची. 'सिस्टिम कोलॅप्स' मात्र 'नेटवर्क इफेक्ट'ला लागूनच. लिफ्टमध्ये भेटलेल्या कुरिअरवाल्यालाही त्यांनी हा क्रम समजावून सांगितल्याचं मेव्हणी शपथेवर सांगते. ह्युगो, नेब्युला ही पारितोषिकं तर घरच्या मुलांची असावीत तशी तोंडपाठ. त्यातही खरा अभिमान नाकारलेल्या मानाचा: २०२२ मध्ये वेल्सबाईंनी, या मालिकेचं पुरेसं कौतुक झालं म्हणून, नेब्युलाच्या अंतिम यादीतून सहावं पुस्तक मागे घेतलं. "आपल्याकडे दाखवा असा एक!" साडू म्हणतात. आम्ही विषय बदलतो.

रविवारी संध्याकाळी गॅलरीत बैठक बसते. लेक व्हिडिओ कॉलवर. चौथ्या मजल्यावरच्या मुलाने एकही पान वाचलेलं नाही, सगळी पुस्तकं लोकलमध्ये कानांनी ऐकलीत. त्याला वाचक मानायला साडूंनी सहा महिने घेतले. मेव्हणीने फक्त ॲपल टीव्हीवरची २०२५ ची मालिका पाहिलीय. मी यांतलं काहीच केलेलं नाही, तरी माझी मतं ठाम आहेत. हा संगतीचा परिणाम.

भांडण एकाच गोष्टीवरून पेटतं. मेव्हणी म्हणते, "मला तर तो आवडला बाई." तो म्हणजे पडद्यावरचा मर्डरबॉट, उंचापुरा अलेक्झांडर स्कार्सगार्ड. "तो नाही! ते!" साडू कडाडतात. चौथ्या मजल्याच्या कानात पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या केव्हिन आर. फ्री यांचा आवाज बसलाय, त्यामुळे त्याचाही 'तो'च. लेक म्हणते, "ती. दिवसभर दुसऱ्यांची कामं करायची आणि वर सगळ्यांशी गोड वागायचं, आणखी कोण असणार?" साडू हताश होतात. "अहो, पुस्तकात स्पष्ट आहे. त्याला लिंग नाही आणि नकोय." दहा भागांत एकच पुस्तक संपवलं म्हणून पडद्यावरच्या मालिकेला नावं ठेवणाऱ्या या माणसाने प्रत्येक भाग दोनदा पाहिलाय, हे इथेच नोंदवून ठेवतो.

खरी पंचाईत सासूबाईंमुळे झाली. त्या साडूंकडेच असतात, वय ८४. "एवढं काय ते भांडता, मलाही सांगा की," म्हणाल्या. साडू उत्साहाने बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. यंत्र स्वतःची गोष्ट स्वतः सांगतं. इंग्रजीत 'आय वेंट' म्हटलं की सुटका. मराठीत मी गेलो, गेले की गेलं? दोन दिवस त्यांनी व्याकरण उकरलं आणि तोडगा आणला: भूतकाळातलं सकर्मक क्रियापद. मी दार तोडलं. मी माणूस वाचवला. मी मालिका पाहिली. कर्त्याच्या लिंगाचा पत्ताच लागत नाही! फक्त त्या यंत्राला कुठे येता-जाता येईना. आठवडाभर ते एका जागी उभं राहून दारं तोडत होतं.

शेवटी साडूंनी 'मी' सोडला आणि 'ते' धरलं. तर सासूबाई गोंधळल्या. साठ वर्षं त्यांच्या तोंडी 'ते' म्हणजे एकच, आमचे सासरे. "ते कशाला दारं तोडतील? साधी खिडकी लावायची तरी मला हाक मारायचे." बैठक हसून लोळली. साडू घाम पुसत 'ते आले' आणि 'ते आलं' यांतला फरक सांगत राहिले. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे लेकरू म्हणा ना जावईबापू. लेकराला 'ते'च म्हणतात. ते रुसलं, ते कोपऱ्यात जाऊन बसलं. मग जेवलं का ते?"

जेवत नाही, पोटच नाही, त्याला जवळ घेतलेलं खपत नाही, लेकरू तर मुळीच म्हणू नका, असं बरंच साडूंच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. ते "नाही" एवढंच म्हणाले आणि पुढे सांगू लागले. अडखळले नाहीत.

तेव्हापासून रोज रात्री अर्धा तास. दोन पुस्तकं झाली. तिसऱ्यात मिकी नावाचं एक भाबडं यंत्र येतं. माणसांना ते आपले मित्र समजतं आणि मर्डरबॉटला त्याचा भयंकर वैताग येतो. सासूबाईंना त्या मिकीचा फार लळा लागलाय. पुस्तकाच्या शेवटी काय होतं ते साडूंनी मला जिन्यात गाठून सांगितलं आणि शपथ घातली.

गेले दहा दिवस साडूंचा घसा बसलाय. सासूबाईंनी दोनदा आल्याचा काढा करून दिला. परवा मला फोन आला, तर वीस मिनिटं बोलत होते, सहावं पुस्तक पाचव्याच्या आधी का वाचायचं त्यावर.