‘काही सभासद’ म्हणजे कोण?
सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव घेऊन बोलणं असभ्य. म्हणून लिहायचं, ‘काही सभासद जिन्यात चपलांचा स्टँड ठेवतात, त्यांनी बोध घ्यावा.’ जिन्यात स्टँड एकाचाच! खाली लगेच अंगठ्यांची रांग. पहिला अंगठा खुद्द स्टँडवाल्यांचा. आहे की नाही गंमत?

नाव गाळलं की सुटलो, हा समज मात्र भाबडा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ नावापाशी अडत नाही. माणूस ओळखू आला की बदनामीचा खटला होऊ शकतो, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. लोकहितवादींनी शतपत्रांत समाजाला झोडपलं, पण झाकलं ते स्वतःचं नाव. आपण दुसऱ्याचं झाकतो, तेही अर्धवट. नाव घेऊन लिहिलेलं खरं आणि लोकहिताचं असेल, तर तेच कलम संरक्षण देतं. फक्त ते सिद्ध लिहिणाऱ्याने करायचं असतं.