सायंपाक: दमलेल्यांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

स्वयंपाक या शब्दात 'स्वयं' ज्याने घातलं, तो संध्याकाळच्या गर्दीत बोरिवलीला कधी उतरला नसावा. पाक स्वयं होत नाही. तो कुणाला तरी करावा लागतो आणि त्या कुणीतरी त्याआधी पर्स, छत्री, ओली ओढणी आणि पाव किलो गवार सांभाळत जिना चढलेला असतो. तेव्हा रात्रीच्या जेवणाला वेगळी संज्ञा हवी. प्रस्तुत लेखिका 'सायंपाक' ही संज्ञा सुचवते. व्याकरणवाल्यांनी हरकत घ्यायची असेल तर रात्री साडेनऊनंतर, ओटा पुसून झाल्यावर घ्यावी.

जुन्या ग्रंथांत आधी अधिकारी सांगतात, मग विषय, संबंध आणि प्रयोजन. तोच क्रम इथे. अधिकारी: दार उघडताच जिला (किंवा ज्याला, या कंसाची आजवर गरज पडलेली नाही) "आज काय आहे?" असं विचारलं जातं ती व्यक्ती. विषय: भूक. संबंध: लग्नाने आलेला. प्रयोजन: झोप.

पूर्वपक्ष

शास्त्रात प्रतिपक्षाचं म्हणणं आधी प्रामाणिकपणे मांडावं लागतं. आमच्या घरी प्रतिपक्ष सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसतो आणि त्याचं म्हणणं एका वाक्यात मावतं: "साधंच कर गं काहीतरी."

वाक्य वरकरणी दयाळू आहे. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी त्याला भुलले. पुढे निरीक्षणाअंती 'साधं' या पदाची फोड हाती आली ती अशी: आमटी-भात, कारण त्यात काय, कुकर तर लावायचा, पोळ्या, पण तव्यावरून ताटात, एक भाजी, शक्यतो पालेभाजी, कारण आता वय झालं, कोशिंबीर, कारण काकडी नुसती चोचवायची, आणि ताटाच्या डाव्या बाजूला काहीतरी चरचरीत, कारण एरवी जेवण मिळमिळीत लागतं. हे साधं. याहून पुरणपोळी परवडली, ती निदान सुट्टीच्या दिवशी करतात.

खरं सांगायचं तर करायला वेळ लागत नाही. ठरवायला लागतो. कांदा चिरताना मी कधी दमले नाही. मी दमते ती दादर ते अंधेरी, जेव्हा एका हाताने कडी धरून मनातल्या मनात फ्रीजचं दार उघडून उभी असते. अर्धा दुधी आहे, पण मुलगी खाणार नाही. टोमॅटो मऊ पडलेत, ते आज संपायला हवेत. दही आंबट झालंय. उद्याच्या डब्याचं काय? लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली 'गृहिणी-मित्र' लिहून हजार पाकक्रिया दिल्या. कमलाबाई ओगल्यांनी १९७० मध्ये 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं देऊन माझ्यासारख्या कितीजणींचे संसार मार्गी लावले. दोघींना साष्टांग नमस्कार. पण हजारातलं आज रात्री कुठलं, हे अखेर बाईनेच ठरवायचं असतं.

नियम पहिला: ठरवू नये, दुसरीने ठरवलेलं उचलावं

५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांसाठी लोकल सुरू केली. रेल्वेला वाटलं आपण गाडी दिली. प्रत्यक्षात बोरिवलीकरणींना चाकांवरचं स्वयंपाकघर मिळालं. फक्त शेगडीची सोय राहिली. लेडीज स्पेशल असो की साध्या लोकलमधला बायकांचा डबा, बसायला मिळालं की मांडीवर पिशवी उघडते.

इथे वेळ स्टेशनांत मोजतात. अर्धा किलो मटार: दादर ते गोरेगाव, आणि दाणे निघतात फार तर दीड वाटी, हे बाजारात कुणी सांगत नाही. मेथीची जुडी: वांद्रे ते मालाड, मात्र मुळं दुकानदाराकडूनच छाटून घेतलेली असावीत, नाहीतर माती शेजारणीच्या पंजाबीवर. गवार: अंधेरी ते कांदिवली. लसूण सोलू नये. पंख्याच्या वाऱ्याने सालं उडतात, आणि त्या वासाने चौथ्या सीटवरची बाई तुम्हाला पुन्हा कधी "कुठे उतरणार?" विचारत नाही.

आता युक्ती. समोरची जे निवडत असेल ते आज आपल्या घरी करावं. मी हे नऊ वर्षं करते आहे. समोरच्या बाकावरची भाईंदरची बाई तोंडली चिरायला घेते, की मी बोरिवलीला उतरून स्टेशनबाहेर चिरलेल्या तोंडल्यांची पिशवी उचलते. तिचं नाव मला माहीत नाही. माझ्या संसारातले निम्मे निर्णय तिने घेतलेले आहेत. ती गौरी-गणपतीला आठ दिवस गावी गेली तेव्हा आम्ही तीनदा उपमा खाल्ला.

नियम दुसरा

घरात शिरल्यावर सोफ्यावर बसू नये. टेकल्यास हे मार्गदर्शन इथेच समाप्त.

नियम तिसरा: कुकरविचार

पर्स खाली ठेवायच्या आधी तांदूळ धुऊन भिजवावेत. तोंड धुवून, गाऊन घालून, मुलीची "आई, ऐक ना" ही पहिली तक्रार ऐकून होईपर्यंत वीस मिनिटं जातात. तेवढ्यात तांदूळ भिजतो. तूरडाळ सकाळी भिजवून जावी असं काहीजणी सांगतात. जरूर भिजवावी, पण फ्रीजमध्ये. मुंबईच्या हवेत ओट्यावर दहा तास राहिलेली डाळ फसफसते आणि तिच्या वासाने आपण दारातूनच परत फिरतो. डाळीचं भांडं खाली, भाताचं वर. डाळीत हळद, हिंग आणि तेलाचा थेंब घालावा.

शिट्ट्या मोजणं हा मराठी घरातला सर्वांत जुना गैरसमज आहे. शिट्टी हे वेळेचं माप नव्हे. आत दाब वाढला की पाणी शंभराऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ शिजते. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडल्याची आरोळी. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून घड्याळाची आठ मिनिटं धरावीत. हे मी माझ्या सासूबाईंना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे किती शिट्ट्या गं?"

नियम चौथा: पिठलं

इथे लेखिकेस थोडा वेळ द्यावा.

अर्धी वाटी बेसन, दोन वाट्या पाणी. बेसन गार पाण्यातच कालवावं, तेही हाताने. बोटांना गुठळी कळते, चमच्याला कळत नाही. तेल इतकं तापावं की मोहरी पडल्या पडल्या तडतडेल. घाई करून मोहरी कोमट तेलात टाकणारी बाई पुढे आयुष्यभर कडू पिठलं खाते. मग हिंग, ठेचलेला लसूण, मिरची, कांदा. हळद शेवटी, कारण ती क्षणात जळते. बेसनाचं पाणी ओतताना दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. पहिला बुडबुडा 'पुक्' करून आला की झाकण, बारीक गॅसवर सात-आठ मिनिटं. कच्चा वास गेला की झालं. वर कोथिंबीर. बसल्या जागी अंगठ्याएवढं लोणी मिळालं तर तेही.

माझं माहेर नगरचं, म्हणून हे पिठलं. सासर कणकवलीकडचं, म्हणून आमच्या घरी पिठलं म्हटलं की नवऱ्याच्या डोळ्यांपुढे कुळथाची पिठी येते. पातळ, लसणाची, आत आमसूल, भातावर ओतायची. पीठ गावाहून येतं. बोरिवलीला पहाटे लक्झरीतून उतरणाऱ्या कुणा ना कुणा भाच्याच्या हातात ती पिशवी असतेच. दोन वाट्या पाण्याला तीन चमचे पीठ पुरतं, मात्र उकळी आल्यावर पाठ फिरवू नये, उतू जाते. मी बरीच वर्षं तिच्याकडे शत्रूच्या नजरेने पाहिलं. आता थंडीत, म्हणजे मुंबईत जे चार दिवस तसं म्हणता येतं त्या दिवसांत, मीच ती करते. नवऱ्याला सांगत नाही की मला आवडते. 'तुझ्यासाठी केली' म्हटलं की भांडी तो घासतो.

नियम पाचवा: विकतच्या पोळीबद्दल अपराधी वाटून घेऊ नये

पोळी-भाजी केंद्रातल्या पोळीवर नवऱ्याचा आक्षेप ठरलेला: "विकतच्या पोळीला घरची चव नसते." यावर मी एकदाच, पण इतिहासासकट बोलले. त्याचे वडील कणकवलीहून गिरणीत आले तेव्हा बिऱ्हाड गावी होतं. अकरा वर्षं ते लालबागच्या एका खाणावळीत जेवले. महिन्याच्या पैशांवर, कुणा अनोळखी बाईच्या हातचं. गिरणगाव अशाच बायकांनी पोसलं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरवांनी या खाणावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकांची कर्जं मिळवून दिली. म्हणजे या घराण्यातली घरची चव मुळात विकतची आहे. नवरा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबा सांगायचे, त्या बाईची आमटी फार छान असायची."

पोळ्या विकत आणाव्यात, भाजी घरी करावी. उलट करू नये. केंद्रातल्या सगळ्या भाज्यांना एकच वाटण असतं.

नियम सहावा ते नववा

उरलेली पोळी: हातांनी चुरून, कांदा-मिरचीच्या फोडणीत, वर पाण्याचा हबका आणि झाकण. घरोघरी याला कुस्करा म्हणतात आणि घरोघरी तो अपुरा पडतो.

उरलेला भात: निवल्याबरोबर फ्रीजमध्ये. बाहेर राहिला तर सकाळी आंबूस येतो. गार भाताची शितं मोकळी सुटतात, म्हणून फोडणीचा भात गरम भाताचा करूच नये.

भुर्जी-पाव: उत्तम. फक्त सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी आणि श्रावण वजा करून जे वार उरतात त्या दिवशी. माझ्या हिशेबात महिन्याला दोन मंगळवार उरतात. पैकी एका मंगळवारी पाववाला येत नाही.

खिचडी-पापड: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, मऊ हवी तर सहा वाट्या पाणी. पापड मात्र गॅसवर भाजलेला. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर लिज्जत पापड लाटायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली होती. आज आमच्या घरात पापडाचा डबा रिकामा असेल त्या रात्री खिचडीला 'आजारी आहे का कुणी?' असं विचारतात.

वेळापत्रकाची हकीकत

दर जानेवारीत मी आठवड्याचं वेळापत्रक लिहून फ्रीजवर लावते. सोमवारी खिचडी, मंगळवारी चकोल्या, असं रविवारपर्यंत. ते मंगळवारी मोडतं. पण कागद तसाच राहतो, आणि मग जूनमधल्या एखाद्या गुरुवारी घरातलं कुणीतरी त्याच्यापुढे उभं राहून कोर्टातल्या कारकुनासारखं वाचतं: "आज थालीपीठ लिहिलंय." यंदा मी कागदावर सात दिवस 'साधं' एवढंच लिहिलं.

अपवाद

गेल्या जुलैत एका संध्याकाळी पाऊस कोसळत होता आणि गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. जोगेश्वरीच्या अलीकडे आम्ही उभ्याच होतो तेव्हा नवऱ्याचा फोन आला. "मी खिचडी लावतोय. मूगडाळ कुठल्या डब्यात?"

मी सांगितलं. परत फोन. "पिवळी की सालाची?" परत फोन. "पाणी किती?" गर्दीत फोन कानाशी नेता येईना, म्हणून मी स्पीकरवर टाकला. "शिट्ट्या किती?"

मी कुकरविचार सांगायला तोंड उघडलं, तोवर खिडकीजवळून आवाज आला, "तीन!" मागून कुणीतरी म्हणालं, "चार द्या हो, पावसाची डाळ शिजत नाही." घाटकोपरहून लग्न होऊन मालाडला आलेली एक गुजराती बेन ओरडली, "हळद मत भूलना, भाई!" हिंग, तूप, फोडणीत जिरं की मोहरी, यावरून दारापाशी दोघींचं वाजलं. माझी भाईंदरची बाई आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली: "गॅस बारीक करायला सांगा त्यांना." पलीकडून नवरा प्रत्येकीला "हो, हो" म्हणत होता.

मी पावणेदहाला घरी पोचले. सोफ्यावर बसले. ताट हातात आलं, वर तुपाची धार, बाजूला भाजलेला पापड, एका कडेला थोडा करपलेला. मी पहिला घास घेतला. मीठ नव्हतं. अख्ख्या डब्याने सगळं सांगितलं होतं, पण मीठ घाला असं कुणाच्या तोंडी आलं नव्हतं, माझ्यासुद्धा.

"कशी झालीय?" तो उभाच होता, हातात पळी.

"साधी," मी म्हटलं. "लोणच्याची बरणी दे."