शेडवाले काका

आयुष्यभर टूलरूममध्ये मायक्रॉनच्या गप्पा मारलेला माणूस निवृत्त झाला, की तळेगावच्या बंगल्यामागे शेड बांधायला काढतो. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ही जात विपुल. त्याच्या लेखी ते ‘वर्कशॉप’. काकूंच्या लेखी ‘मागचं’.

भिंती भराभर उभ्या राहतात, कारण भिंतींबद्दल काकांना काही मत नसतं. घोडं पेंड खातं ते दाराशी. सरकतं दार करावं, तर खालच्या पट्टीत भुसा बसणार. वरून टांगावं, तर खाली फट राहणार आणि मावळातला पाऊस आडवा आत येणार. बाहेर उघडणारं वाऱ्याने आपटणार, आत उघडणारं लेथची जागा खाणार. सागवान पावसाळ्यात कमी फुगतं खरं, पण त्याचा भाव ऐकून काकू फुगतात. सरतेशेवटी आठ फुटी शटर ठरतं. प्लायवूडची शीट आठ बाय चार, ती आडवी आत गेली पाहिजे ना! सुतार म्हणाला, “काका, शीट उभी धरून तीन फुटी दारातनं रोज नेतो की आम्ही.” त्या सुताराला पुन्हा बोलावणं गेलं नाही.

मग उजेड. वायरमनने भाबडेपणाने “दोन ट्यूब टाकू?” म्हटलं आणि खाली स्टुलावर बसला, कारण व्याख्यान लांबणार हे त्याने ओळखलं. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून साधी ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. डोळ्यांना पत्ता लागत नाही. पण ठरावीक वेगाने फिरणारा लेथचा चक त्या उजेडात थांबल्यासारखा दिसतो आणि माणूस बिनधास्त हात घालतो. यात थाप नाही. कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडत त्या याचसाठी. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी घेतला की प्रश्न मिटतो. “लेथ कुठंय?” वायरमनने विचारलं. “येईल,” काका म्हणाले आणि केल्विनकडे वळले. 6500 डोळ्यांत खुपतो, 3000 पिवळट, म्हणून 4000. दिवे पाठीमागे नकोत, आपलीच सावली कामावर पडते. टेबलाच्या पुढच्या कडेवर हवेत.

खिडकी अर्थातच उत्तरेला. मुंबईच्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं उत्तरेचा उजेड घ्यायची, हे काकांनी गवंड्यालाही सांगितलं. पुढे त्यांच्याच लक्षात आलं, की आपण कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. लगेच छज्जा वाढला. त्यातला बराच काळ मावळात सूर्य दिसतच नाही, हा मुद्दा काकूंनी मांडला. तो नोंदवला गेला नाही.

शेड झाली. फोनवर मोजला तर टेबलावर 500 लक्स उजेड. टेबलावर एक पक्कड होती, ती लख्ख दिसत होती.

दिवाळीला लेक-जावई आले. जावयाने शटर वर केलं, गाडी एका दमात आत घेतली, दिवे लावून बंपरवरचा ओरखडा निरखला आणि मनापासून म्हणाला, “बाबा, गॅरेज फर्स्टक्लास झालंय!”

काका काही बोलले नाहीत. भाऊबीज उरकल्यावर त्यांनी सुताराला फोन लावला आणि तीन फुटी दाराचा भाव विचारला.