धुराच्या कराचं बारसं आणि बारावं

1956 साली मध्य प्रदेशाचा नागपूरशी घरोबा सुटला आणि राजधानी भोपाळला गेली, तेव्हा जबलपूरची समजूत काढायला हायकोर्ट आणि बिजली मंडळ या दोन गोष्टी मिळाल्या. हायकोर्टात तारीख पडते, मंडळातून बिल येतं. 2005 मध्ये मंडळाच्या पाच कंपन्या झाल्या: एक वीज बनवणारी, एक वाहून नेणारी, तीन वाटणाऱ्या. पुढे वीज विकत घेणारी आणखी एक आली. जबलपूरकर अजूनही बिलाची तक्रार घेऊन ‘बोर्डातच’ जातो. फरक एवढाच की आता त्याला कुठल्या बोर्डात जायचं ते विचारावं लागतं.

या व्यवस्थेचा एक मोठा फायदा शहराला झाला. कोळसा जळतो तो बिरसिंहपूरला, बैतूल जिल्ह्यातल्या सारणीला, चचाईला, खंडव्याजवळच्या सिंगाजीला. जबलपूरला, रामपूरच्या शक्ती भवनात, फक्त फाइल फिरते. आमच्या गल्लीतले काका मंडळातून निवृत्त झाले. ते अभिमानानं सांगतात, “आपण आयुष्यात एक ढेला कोळसा जाळला नाही. जो जळला, तो मंजूर केला.”

म्हणून धुराला किंमत लावण्याचा विषय निघाला की तो इथेच काढायला हवा. अर्थशास्त्री सांगतात ते सोपं आहे. जो धूर सोडतो त्याच्याकडून पैसे घ्या, म्हणजे तो कमी सोडेल. आपल्याकडे हे कधी झालंच नाही असं म्हणणाऱ्याला इतिहास माहीत नाही. झालं होतं. त्या बाळाचं बारसं आणि बारावं दोन्ही सरकारी खर्चानं पार पडलं.

1 जुलै 2010. प्रणव मुखर्जींच्या अर्थसंकल्पातून कोळशाच्या प्रत्येक टनामागे पन्नास रुपयांचा उपकर जन्माला आला. नाव ठेवलं ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’. कोळशावरच्या कराला असं नाव ठेवायला हिंमत लागते. बाळ गुटगुटीत निघालं. 2014 मध्ये शंभर, 2015 मध्ये दोनशे, 2016 मध्ये चारशे रुपये, आणि त्याच वेळी नाव बदलून ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’. पहिल्या सात-आठ वर्षांत सुमारे 86 हजार कोटी रुपये जमले. स्वच्छ ऊर्जेच्या निधीत त्यातले पोहोचले सुमारे साडेएकोणतीस हजार कोटी, आणि निधीतून प्रत्यक्ष कामांना मिळाले त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. बाकीचे कुठे गेले असं विचारू नये. गेले, एवढं नक्की. 2017 मध्ये जीएसटीनं बाळ दत्तक घेतलं आणि त्याचं नवं नाव पडलं नुकसानभरपाई उपकर. वातावरणाच्या नुकसानाची नव्हे, राज्यांच्या करउत्पन्नाच्या नुकसानाची.

22 सप्टेंबर 2025, घटस्थापना. जबलपूरच्या मंडपांत देवी बसत होती आणि त्याच दिवशी हा उपकर उठला. कोळशावरचा जीएसटी पाचावरून अठरा टक्क्यांवर गेला म्हणून काहींना वाटलं, कोळसा महागला. तसं नाही. आपल्या वीजघरांचा कोळसा हलक्या प्रतीचा आणि स्वस्त, त्याच्यावर टक्केवारीपेक्षा चारशेचा ठोक भारच मोठा होता. तो गेला. विजेसाठीचा कोळसा टनामागे सरासरी दोनशे साठ रुपयांनी स्वस्त झाला, युनिटामागे सतरा-अठरा पैसे वाचतील, हा हिशेब कोळसा मंत्रालयानंच आनंदानं मांडला. ऑस्ट्रेलियानं 2014 मध्ये आपला कार्बन कर काढला, तर त्याआधी त्यावर निवडणूक लढली गेली. आमच्याकडे त्या आठवड्यात वाहिन्यांवर साबण, टूथपेस्ट आणि मोठ्या पडद्याचा टीव्ही यांची किंमत गाजत होती. देशातला धुरावरचा एकमेव भरीव कर गेला आणि कुणी अंघोळही केली नाही.

त्या सतरा पैशांचं काय झालं, हे मी काकांना विचारलं. ते म्हणाले, “बिलात शोध. इंधन अधिभाराच्या ओळीखाली सापडले तर मलाही सांग.”

आता राज्याकडे वळू. इथे माझं मत असं की मध्य प्रदेश सरकारवर अन्याय होतो. धुराला किंमत लावण्यात ते जगाच्या पुढे आहे, फक्त त्यांनी तसं कुठे जाहीर केलेलं नाही.

घरगुती विजेची एक योजना आहे. 2019 मध्ये तिचं नाव इंदिरा गृहज्योती होतं, आता अटल गृहज्योती आहे. ज्योत तीच, कोळसा तोच. महिन्याला दीडशे युनिटांच्या आत राहिलात तर पहिली शंभर युनिटं शंभर रुपयांत, म्हणजे युनिटाला एक रुपया. इथवर हे धुराला उलटी किंमत लावणं झालं. सोडा, आम्ही भरतो. पण खरी गंमत एकशे एक्कावन्नाव्या युनिटात आहे. ते फिरलं की सवलत संपूर्ण जाते, पहिल्या शंभर युनिटांचीसुद्धा. बिल एका उडीत काही शे रुपयांनी वाढतं.

गणित करून पाहा. आपल्या जाळ्यातल्या एका युनिटामागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या सातशे ग्रॅमला काही शे रुपये, तर टनाला किती? काही लाख. युरोपच्या कार्बन बाजारात टनाचा भाव सत्तर-ऐंशी युरोच्या घरात असतो, म्हणजे सात-आठ हजार रुपये, आणि तेवढ्यानं तिथले पोलादवाले रडकुंडीला येतात. आमच्या गढा मोहल्ल्यातली एखादी काकू मे महिन्याच्या अठ्ठाविसाव्या तारखेला मीटरवर 148 पाहते, कूलर बंद करते, फ्रिजमधलं दूध शेजारी ठेवते आणि पुठ्ठ्यानं वारा घेत बसते. पृथ्वीवरचा सगळ्यात महाग कार्बन तिनं वाचवलेला असतो. किंमत लावली तर माणूस धूर कमी करतो, हा सिद्धांत नोबेल मिळालेल्यांनी मांडला असेल. सिद्ध तिनं केला.

मग बिरसिंहपूरच्या चिमणीला हाच नियम का नाही? कारण ती मोठी आहे. देशानं 2023 मध्ये कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली. सिमेंट, अॅल्युमिनियम, कागद यांच्या कारखान्यांना टनामागे किती धूर चालेल याची उद्दिष्टं ऑक्टोबर 2025 मध्ये मिळाली. वीजघरं त्यातून बाहेर. कटनी जिल्ह्यातल्या कैमोरच्या सिमेंटनं हिशेब द्यायचा, शेजारच्या उमरिया जिल्ह्यातल्या वीजघरानं नाही. देशातला सगळ्यात जास्त धूर जिथून निघतो ते सोडून धुराचा बाजार भरवायचा, यामागे काही खोल विचार असणार. शिवाय उद्दिष्ट धुराच्या एकूण रकमेवर नाही, मालाच्या टनावर आहे. माल वाढवा, धूर वाढला तरी तुम्ही शिस्तीत. आपण घरी पैसे घेतले नाहीत तर 2026 पासून युरोपात गेलेल्या मालासाठी ते तिथे भरावे लागतात. सिंगरौलीच्या अॅल्युमिनियमनं भोपाळला न दिलेला कर ब्रुसेल्सला द्यायचा. राष्ट्राभिमानाचा हा प्रकार मला अजून नीट उमगलेला नाही.

राज्याच्या हातात काहीच नसतं असंही नाही. गोव्यानं 2013 मध्ये प्रदूषण करणाऱ्या पदार्थांवर हरित उपकराचा कायदा केला. कंपन्या कोर्टात गेल्या, मुंबई उच्च न्यायालयानं 2023 मध्ये तो वैध ठरवला. आमच्या बिलावरही विद्युत शुल्काची ओळ आहेच. पण ती समदर्शी आहे. वीज उन्हाची असो की कोळशाची, टक्का तोच.

आणि ऊन तर स्वस्त झालंय. रीव्याच्या 750 मेगावॅट सौर प्रकल्पाला 2017 मध्ये पहिल्या वर्षाचा दर दोन रुपये सत्त्याण्णव पैसे मिळाला, तेव्हा दिल्ली मेट्रोसुद्धा तिथून वीज घ्यायला आली. सप्टेंबर 2025 मध्ये मुरैनाच्या सौर प्रकल्पाला, तेही बॅटरीसकट, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांसकट, दर मिळाला दोन रुपये सत्तर पैसे. त्याच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये याच राज्यानं नव्या कोळसा वीजघरांसाठी खासगी कंपन्यांना पत्रं दिली. दर युनिटाला पाच रुपये त्र्याऐंशी पैशांच्या आसपास. बॅटरी रात्रभर पुरत नाही, सूर्य रात्री रजेवर असतो, हे खरं आहे आणि काका ते मला दर भेटीत सांगतात. पण दुसरंही तेच सांगतात, जरा आवाज खाली आणून. औष्णिक करारात दोन आकार असतात. एक विजेचा, एक नुसत्या तयारीचा. वीज नाही घेतली तरी तयारीचे पैसे द्यायचे, वर्षानुवर्षं. म्हणजे दुपारी ऊन फुकटात पडलेलं असताना चिमणी गप्प बसली तर गप्प बसण्याचेही पैसे. काकूला कूलर बंद ठेवल्याबद्दल कुणी काही देत नाही.

‘निम्मी क्षमता स्वच्छ झाली’ ही बातमी 2025 च्या जुलैमध्ये देशानं साजरी केली. क्षमता झाली, हे खरं. वीज अजून चारातली जवळपास तीन युनिटं कोळशाचीच. आमंत्रणाच्या यादीत निम्मी नावं नव्या पाहुण्यांची आणि पंगतीत जुनेच.

स्वच्छ विजेची पूर्ण, रोख किंमत या भागात कुणी मोजली असेल तर बर्गीच्या लोकांनी. जबलपूरपासून जवळ, नर्मदेवर, नव्वद मेगावॅटचं जलविद्युत केंद्र. 1990 च्या सुमारास पाणी भरलं आणि दीडशेहून जास्त गावं बाधित झाली. त्यातली कितीतरी माणसं जबलपूरच्या रस्त्यांवर सायकलरिक्षा ओढू लागली. हे वाहनही, नोंद असावी, शून्य धुराचं. त्याच जलाशयाच्या काठी मंडला जिल्ह्यात चुटका अणुवीज प्रकल्प ठरला, सातशे मेगावॅटच्या दोन भट्ट्यांचा, आणि एकदा उठलेल्यांना पुन्हा उठायला सांगितलं गेलं. त्यांना कुणी सवलत दिली नाही, संक्रमणाचा कालावधी दिला नाही, टप्पे आखले नाहीत.

मी काकांपुढे एक प्रस्ताव ठेवला. नवा कर नको, नवं नाव नको. घरात जो नियम चालतो तोच वीजघराला लावा. दीडशेपर्यंत माफ, एकशे एक्कावन्नाव्याला मागचं सगळं वसूल. काका बराच वेळ हसले. मग मंडळात चाळीस वर्षं घालवलेल्या माणसासारखं म्हणाले, “प्रस्ताव ठीक आहे. पण मीटर कोण वाचणार? आपलाच माणूस. आणि तो चिमणीकडे गेला की नेहमी कुलूप असतं.”