दिवाणखान्यातला नावाडी

दिवाणखान्यातला नावाडी हा साधारण पंचेचाळिशी ओलांडलेला, रक्ततपासणीचा कागद नुकताच हाती पडलेला गृहस्थ असतो. पाण्याशी त्याचा संबंध बेताचाच. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात पायाने मारायची होडी चालवली, एवढाच काय तो अनुभव. गुडघ्यांमुळे धावणं बंद, पावसामुळे फिरणं बंद आणि जिममध्ये गेलं तर पोरं बघतात, अशी तिन्ही बाजूंनी कोंडी झाली की त्याला रोइंग मशीनचा शोध लागतो. मशीन जवळजवळ आठ फूट लांब असतं, ही माहिती तो घरात सगळ्यात शेवटी देतो. मग सोफा सरकतो आणि टीपॉयची रवानगी गॅलरीत होते.

या मशीनवर वेग मोजण्याची रीत वेगळी आहे. पाचशे मीटर कापायला किती वेळ लागेल, तो आकडा स्क्रीनवर दिसतो. म्हणजे आकडा जितका लहान, तितका वेग जास्त. नावाड्याला सुरुवातीला हे ठाऊक नसतं. ३:०० वरून ३:२० वर पोचल्याचा आनंद तो पोह्यांबरोबर साजरा करतो. खरा अर्थ मुलगा समजावून सांगतो, आणि नंतर सहज म्हणून बसून, कॉलेजचे कपडेही न बदलता, २:१५ काढून दाखवतो. त्या दिवशी घरात फारसं कुणी बोलत नाही.

नवशिक्याचा वेग ३:०० च्या आसपास घुटमळतो. ऑलिंपिकमध्ये असते तेवढी, दोन हजार मीटरची शर्यत या गतीने बारा मिनिटांत संपते. ऑस्ट्रेलियाच्या जोश डंकली-स्मिथने २०१८ मध्ये मशीनवर हेच अंतर ५ मिनिटं ३५.८ सेकंदांत मारलं होतं. तेवढ्या वेळात आपला नावाडी हजारही गाठत नाही.

या संथपणाचं मूळ आळसात नसून घाईत आहे. स्ट्रोकचा क्रम ठरलेला असतो: आधी पायांनी रेटायचं, मग कंबरेतून मागे कलायचं, शेवटी हात ओढायचे; परत येताना हात, कंबर, पाय. नावाडी सगळं एकदम करतो आणि त्यातही हात आधी. ताकदीचा मोठा वाटा पायांचा असतो, हे त्याला मान्य नाही, कारण वल्हं हातात असतं. परतीच्या वाटेवर तो गुडघे आधी दुमडतो. मग हँडल गुडघ्यांवर आपटतं, किंवा हात उंच करून त्यांच्यावरून न्यावं लागतं. या कसरतीत सीट पुढे येऊन धाडकन थांबतं आणि खालच्या मजल्यावरचे काका वर बघतात. मिनिटाला वीस-बावीस स्ट्रोक पुरतात, तिथे हा पस्तीस मारतो. परतीचा प्रवास ओढण्याच्या दुप्पट वेळ घेऊन, दम खात करायचा असतो; पण स्वस्थ बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं, हा संस्कार आडवा येतो.

दुसरी खोड डॅम्परची. हवेच्या मशीनवर चाकाशेजारी एक ते दहा आकड्यांची खिटी असते. ती सायकलच्या गिअरसारखं काम करते. दहावर ठेवली म्हणजे व्यायाम दसपट होत नाही. मुरलेले लोक बहुधा तीन ते पाचमध्ये ठेवतात. नावाडी दहावर ठेवतो, कारण पैसे पूर्ण मशीनचे दिलेले असतात. चौथ्या दिवशी कंबर धरते.

त्यात गणितही त्याच्या विरुद्ध आहे. लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३:०० ला साधारण ६० वॅट लागतात, २:३० ला १०४ आणि २:०० ला २०३. म्हणजे पहिलं अर्धं मिनिट कमी करायला ४४ वॅट पुरतात, पुढच्या अर्ध्या मिनिटाला शंभर पडतात. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. नावाडी घामाघूम होऊन जेवढी ऊर्जा निर्माण करतो, तिच्यापेक्षा जास्त डोक्यावरचा पंखा त्याला वारा घालण्यात खर्च करतो. लाइट बिल भरणाऱ्या बाईंच्या हे चटकन लक्षात येतं.

स्वस्त चुंबकी मशीनचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नसतं. हे कळताच ‘आपलं मशीनच कमी दाखवतं’ हा सिद्धांत जन्माला येतो आणि पाहुण्यांना ऐकवला जातो. दत्तू भोकनळचा दाखलाही याच टप्प्यावर निघतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या या मुलाने सैन्यात गेल्यावर वल्हं हाती धरलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा क्रमांक मिळवला. ‘तोही उशिराच शिकला,’ असं नावाडी म्हणतो. उशिरा म्हणजे विशीत, हे तो सांगत नाही.

पुढे या जातीच्या दोन शाखा होतात. पहिली मशीन विकायला काढते. ट्रेडमिलवर निदान टॉवेल वाळत घालता येतात. रोइंग मशीन इतकं बुटकं की तीही सोय नाही, त्यामुळे ते लवकर जातं. दुसरी शाखा थोडी चिवट. ती खिटी चारवर आणते, स्ट्रोक बावीसवर, आणि काही महिन्यांनी २:३५ ला पोचते. मुलाचा २:१५ अजून दूर असतो, पण मुलगा पुन्हा मशीनवर बसलेला नसतो, आणि नावाडी त्याला तसा आग्रहही करत नाही.