इतिहास उजवीकडे, दुकान समोर

मा. व्यवस्थापक, सहल विभाग,
अलिबागजवळचं एक समुद्रकिनारी रिसॉर्ट



आपल्या ‘ऐतिहासिक गावांची एकदिवसीय सहल’ या योजनेचा लाभ घेतलेला मी एक प्रवासी. मुक्काम पोस्ट जांब समर्थ, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. आमच्या गावचा बारा वर्षांचा नारायण आसनगावला बोहल्यावर उभा असताना ‘सावधान’ ऐकून पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. आपल्या माहितीपत्रकावर कुणी तेवढा एक शब्द छापला असता, तर मीही वेळेत पळालो असतो.

पत्रकावर ठळक अक्षरांत चौल, रेवदंडा, कोर्लई. खाली बारीक अक्षरांत ‘स्थानिक खरेदी’. सहल या बारीक अक्षरांचीच निघाली.

चौलात रामेश्वराच्या देवळापाशी गाडीचा वेग जरासा कमी झाला. टेपवरची बाई म्हणाली, “उजवीकडे पाहा, प्राचीन मंदिर.” माना वळेपर्यंत देऊळ मागे पडलं होतं. साहेब, त्या देवळात पर्जन्यकुंड आहे. पावसानं दडी मारली की ते उघडायचं, अशी तिथली जुनी रीत. मी जालन्याचा माणूस. उन्हाळ्यात टँकर आला का, हा आमच्याकडे सकाळचा पहिला प्रश्न असतो. कोकणात नारळ-सुपारी सोडून काही डोळे भरून बघायचं होतं, तर ते हेच कुंड. पण उतरायला वेळ नव्हता, कारण पुढे कोकम वाट बघत होतं.

दुकानात मात्र वेळच वेळ. दारात आपल्या माणसानं आमची डोकी मोजली, दुकानदारानं आकडा वहीत लिहिला आणि दोघांनी सह्या केल्या. आंबापोळी, फणसपोळी, आगळ, शंखांच्या माळा. ‘घरगुती’ मसाल्याच्या पाकिटावर मागच्या बाजूला वाशीच्या कारखान्याचा पत्ता. काही न घेणाऱ्यांसाठी एक बाकडं होतं, त्यावर आम्ही नवरे मंडळी रांगेनं बसलो. परत निघताना डोकी कुणी मोजली नाहीत. दोन आजोबा मागे राहिले होते, ते धावत आले.

जेवणातली सोलकढी पाण्यासारखी होती आणि एसी फक्त पुढच्या दोन रांगांना लागत होता. ते सोडून देतो.

पण टेप सोडवत नाही. रेवदंड्याच्या कोटाला ती ‘शिवकालीन किल्ला’ म्हणते. तो पोर्तुगीजांनी बांधला आणि १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. याच चौलच्या बंदरात १५०८ साली इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमारानं पोर्तुगीजांना हरवलं, व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. १४६९ मध्ये अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन इथंच उतरला. पुढे जुन्नरच्या खानानं तो घोडा काढून घेतला. निदान त्याला कुणी आधी दुकानात तरी नेलं नाही.

टेपवर एकच गोष्ट सविस्तर होती. उद्याच्या दिवेआगर सहलीची जाहिरात आणि २०१२ मध्ये तिथला सोन्याचा गणपती कसा चोरीला गेला, त्याचं रसभरीत वर्णन. रखवालदारांचे जीव गेले होते हो त्यात! आणि हे सनईच्या सुरावर! आमच्या जांबेत २०२२ च्या ऑगस्टमध्ये राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा जांब कुठे आहे हे महाराष्ट्राला कळलं. मूर्ती सापडल्या, टीव्हीचे कॅमेरे निघून गेले. गावात चोरी झाली तरच गावाला किंमत येते, हा धंदा बंद करा. लाज वाटू द्या.

रागात लिहून गेलो. संध्याकाळी तक्रार घेऊन आलो, तेव्हा आपण चहा पाजलात आणि मोबाइलवर जुन्या पाहुण्यांचे शेरे दाखवलेत, हेही लिहायला हवं. ‘दगड बघायला एवढे पैसे?’ ‘ऊन फार.’ ‘बाथरूम नाही.’ आधी सहलीत दुकान नव्हतं आणि तेव्हा डिझेलचे पैसे सुटत नव्हते, असं आपण म्हणालात. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद, खोल्या रिकाम्या, पगार चालूच. खोटं कशाला बोलू, मला आपली दया आली. त्या बाकड्यावर बसलेल्यांपैकी किती जण देवळापाशी उतरले असते, हे मलाही माहीत आहे.

पण मग आपला ड्रायव्हर? तो कोर्लईचा. दुकानाबाहेर तो आईशी फोनवर बोलत होता, ते मराठी नव्हतं. विचारलं तर लाजत म्हणाला, आमच्या वाड्यात घरोघरी हेच बोलतात. पोर्तुगीज गेले, त्यांच्या बोलीतून झालेली ही भाषा तिथल्या ख्रिस्ती घरांत राहिली. मी म्हणालो, “मग गाडीत सांग ना सगळ्यांना!” तर म्हणाला, “टेप चालू असताना बोलायचं नाही, काका. ऑर्डर आहे.”

पैसे परत नकोत. दुकान ठेवा, डिझेल निघू दे. फक्त टेप बंद करून माइक त्या पोराच्या हातात द्या आणि रामेश्वरापाशी अर्धा तास गाडी थांबवा. ज्याला उतरायचं नाही त्यानं गाडीत बसून फणसपोळी खावी. आणि या पत्रावरून त्या पोराला एक शब्द जरी ऐकवलात, तर दुसरं पत्र लिहीन. त्यात दुकानदाराच्या त्या वहीबद्दल सविस्तर असेल.

आपला,
जांब समर्थचा एक यात्रेकरू